वरचे चार मिलिमीटर

बांबोळीला तळमजल्यावर माझी खोली.
खिडकी नाही. एसी आहे, पण तो मशीनसाठी.
इथे बसून मी माणसांचे काप बघते,
वरून खाली,
पाव चाळावा तसे.

सगुण पागी, बेतूल, वय एकावन्न.
दारू नाही. कावीळ ब, बहुधा जन्माची,
आईकडून आलेली, तिलाही ठाऊक नसताना.
यकृत खाऱ्या पाण्यानं खाल्लेल्या खडपासारखं
आणि उजवीकडे गाठ. एकच.
औषध शिरेत सोडलं की आजूबाजूच्या आधी उजळते,
आजूबाजूच्या आधी विझते.
तेवढ्यावरून तिचं नाव कळतं.

कर्सर या काठावर ठेवला,
त्या काठापर्यंत ओढला.
५.४.

नियम पाचाचा आहे.
एक असेल तर पाचापर्यंत,
दोन किंवा तीन असतील तर प्रत्येकी तीन,
आणि शिरेत शिरलेली नको.
रेषेच्या अलीकडे नवं यकृत बहुतेकदा टिकतं.
पलीकडे गाठ परत येण्याची भीती,
आणि मग कुणाच्या तरी घरानं रडत रडत दिलेलं
दुसऱ्यांदा जळतं.
हे मला पाठ आहे. मुलांना मीच शिकवते.

पण काठ धूसर होता.
धूसर काठ आपल्या मनासारखा वाचता येतो.
मी कर्सर केसभर आत घेतला.
४.९.
खोलीत कुणी नव्हतं.
थोडा वेळ तो आकडा तसाच राहू दिला,
मग पुसला.

बुधवारच्या बैठकीत डॉ. बार्रेतो म्हणाले,
गाठीची रसद तोडू. तीन महिने थांबू.
कसली आहे ते तीच सांगेल.
थांबणं हीही तपासणीच,
हे बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला
कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यानं विचारलं, किती जास्त?
मी चिमूट करून दाखवली.
तो जाळी विणणारा. त्याच्या खिशात
आस मोजायची बांबूची पट्टी, कडा झिजून गुळगुळीत.
ती माझ्या चिमटीत धरून बघितली त्यानं
आणि हसला.
"आमच्या जाळ्यांत व्हडलें सांपडटा, ल्हान सुटटा.
तुमचें उरफाटें, बाये."
बायको हसली नाही.
ती माझ्या बोटांकडे बघत होती,
ती अजून थोडी जवळ येतील का म्हणून.

तीन महिने.
दोनदा मांडीच्या शिरेतून नळी घातली,
तापानं फणफणला, वजन उतरलं,
फायलीवर एक कोपरा सालीच्या हातानं
चिकट झाला, कुणीतरी वाट बघत केळं खाल्लं असणार.

दुसरं स्कॅन. ४.६.
आनंद झाला, म्हणून मी थांबले.
स्क्रीनवरचा आकडा झाकला, बार्रेतोंना बोलावलं,
काही न सांगता म्हटलं, तुम्ही मोजा.
४.७.
शीर मोकळी.
सगुण पागी, यादीत.
यादी म्हणजे यकृत नव्हे, फक्त यादी.
तरी बेतूलला त्या रात्री
कुणाच्या तरी घरी दिवा उशिरापर्यंत असेल.

इथे थांबायला हवं होतं.

पण त्याच दुपारी दुसरी फाईल.
प्रेमावती गावस, वाळपय, अंगणवाडीत शिकवते.
गाठी वाटाण्याएवढ्या,
कुठलीही दोनच्या वर नाही.
मोजल्या. एक, दोन, तीन.
मागच्या कापात, डायाफ्रामखाली दडलेली,
चार.
पुन्हा वरून खाली आले.
मुलांची हजेरी घ्यावी तशी
आणि दर वेळी एक जास्त.
हिच्यासाठी सरकवायला काठच नव्हता.

तिला आत बोलावलं तेव्हा
बार्रेतोंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं,
दुसरे उपचार आहेत म्हणाले, पुन्हा भेटू म्हणाले,
ते खरंही होतं.
तिनं सगळं ऐकलं.
पदर सारखा केला, रिपोर्टाची पिशवी काखेत घेतली
आणि मला विचारलं,
वाळपयची शेवटची कदंबा
कितीला सुटते?